चाचणीचे गुण आले, आता पुढे काय?



गटाच्या बैठकीत आपण बचत किती जमली, हप्ता कुणाचा थकला, अंतर्गत कर्ज कुणाला हवंय, हे सगळं बोलतो. कर्जाचं कारण विचारलं की बी-बियाणं, दवाखाना, शेळी यांच्या जोडीला आता आणखी एक कारण ऐकू येतं. "पोराला चाचणीत कमी पडले, शिकवणी लावायचीय." कुणी म्हणते, "बाईंनी मुलीला खाली काढलं." कुणी म्हणते, "आता वरच्या वर्गात घालतील की नाही?" आणि घरी पोरगी बिचारी कोपऱ्यात बसलेली असते, कारण बापाने सगळ्यांसमोर तिला 'ढ' म्हटलेलं असतं.

ही चाचणी नेमकी कसली होती, हे ना आईला माहीत असतं, ना बापाला. कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून या अंकात आपण शाळेतल्या चाचण्यांचा धडा घेऊ या. पहिली ते आठवीत मूल असलेल्या प्रत्येक ताईने तो वाचावा, आणि जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावा.

आधी एक गोष्ट पक्की: सगळ्या चाचण्या सारख्या नसतात

अंगणवाडीत ताई बाळाचं वजन करतात. वजन कमी भरलं तर बाळ 'नापास' झालं असं आपण म्हणतो का? नाही. त्याला काय खाऊ घालायचं ते विचारतो. तेच बाळ मोठं होऊन शाळेच्या शर्यतीत धावलं, तर तिथे मात्र पहिला, दुसरा, तिसरा नंबर असतो. वजनकाटा वेगळा आणि शर्यत वेगळी.

शाळेतही तसंच आहे. काही चाचण्या वजनकाट्यासारख्या असतात. मूल कुठे आहे ते कळावं आणि पुढचं शिकवणं ठरवावं, एवढंच त्यांचं काम. काही परीक्षांवर पुढची इयत्ता अवलंबून असते. काही स्पर्धेच्या असतात, द्यायच्या की नाही ते आपण ठरवायचं. आणि काही तर तुमच्या मुलासाठी नसतातच, त्या जिल्ह्याची नि राज्याची तब्येत बघायला असतात. चाचणी कुठल्या प्रकारची आहे हे एकदा कळलं, की निम्मी काळजी तिथेच मिटते.

१. वर्षातून तीनदा होणारी चाचणी

सरकारी आणि अनुदानित शाळांत अलीकडे राज्यभर एकसारख्या प्रश्नपत्रिकेवर चाचण्या होतात. त्यांना नियतकालिक मूल्यांकन चाचणी म्हणतात. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद या प्रश्नपत्रिका तयार करते. विषय तीन: प्रथम भाषा (म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मराठी), गणित आणि इंग्रजी. लेखी असते, थोडं तोंडीही असतं.

वर्षात त्या तीन वेळा येतात.

पहिली, पायाभूत चाचणी. ही वर्षाच्या सुरुवातीला होते आणि मागच्या वर्गात शिकलेल्या गोष्टींवर असते. पेरणीआधी आपण माती तपासून घेतो, तसंच हे.

दुसरी, संकलित मूल्यमापन चाचणी १. ही पहिल्या सत्राच्या शेवटी होते आणि या वर्षी शिकवलेल्या भागावर असते.

तिसरी, संकलित मूल्यमापन चाचणी २. ही वर्षअखेरीला होते.

आता नीट लक्ष द्या. पायाभूत चाचणीत कमी गुण पडले म्हणून मुलाला खालच्या वर्गात बसवत नाहीत. मागच्या वर्षीचं काय कच्चं राहिलं, ते बाईंना आणि सरांना कळावं म्हणून ती असते. त्यामुळे पायाभूत चाचणीच्या गुणांवरून पोराला मारणं म्हणजे मातीचा रिपोर्ट आला म्हणून शेताला शिव्या घालण्यासारखं आहे. रिपोर्ट आला की खत ठरवायचं असतं.

२. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा

इथे मात्र सावध राहायचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवायचं नाही असा नियम होता. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात बदल केला आणि पाचवी व आठवीच्या शेवटी परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवण्याची मोकळीक राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ती परीक्षा सुरू केली. प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के गुण लागतात.

मूल त्यात कमी पडलं तर काय? लगेच मागे ठेवता येत नाही. आधी शाळेने त्याला जादा शिकवायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, असं कायदाच सांगतो. त्या दुसऱ्या परीक्षेतही कमी पडलं, तरच त्याच वर्गात ठेवता येतं. पण शाळेतून काढून टाकता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही काढता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे.

हे इतकं तपशिलात सांगायचं कारण आपल्या मुली आहेत. पाचवीत किंवा आठवीत पोरगी अडकली की घरात लगेच निघतं, "राहू दे आता, तिच्या नशिबात नाही शिक्षण, घरकामाला उपयोगी पडेल." आठवीतली मुलगी असेल तर पुढची वाक्यं तुम्हाला माहीतच आहेत, स्थळं बघायला सुरुवात होते. मैत्रिणींनो, एका पेपरात दोन-चार गुण कमी पडले, हे मुलीची शाळा सोडवण्याचं कारण होऊ शकत नाही. फेरपरीक्षा आहे, जादा तास आहेत. उन्हाळ्यातले ते दिवस लग्नाच्या गडबडीत आणि गावाला जाण्यात वाया घालवू नका. निकालाच्या दिवशी स्वतः शाळेत जा. जादा वर्ग कधीपासून आणि फेरपरीक्षा कुठल्या तारखेला, ते वहीत लिहून आणा.

३. शिष्यवृत्ती, नवोदय आणि खासगी परीक्षा

या स्पर्धेच्या परीक्षा आहेत, शर्यतीसारख्या. शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आली. इयत्ता अशा बदलतात, म्हणून या वर्षी कुठल्या वर्गाला आहे ते शाळेतच विचारा. पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणीही देता येते. तिच्या अर्जाला पैसे लागत नाहीत, आणि नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. हुशार मुलगी घरात असेल तर ही संधी जरूर घ्या.

पण या परीक्षांत नंबर नाही लागला, तर मूल शाळेत नापास झालं असं होत नाही. थोड्याच जागा असतात नि हजारो मुलं बसतात.

याशिवाय गावोगाव खासगी 'टॅलेंट' परीक्षा येतात. फी, पुस्तकाचे पैसे आणि शेवटी मेडल. त्यांच्या गुणांवर पुढचा वर्ग ठरत नाही. पैसे भरण्याआधी मुख्याध्यापकांना एकच विचारा, "ही परीक्षा शासनाची आहे का? नाही दिली तर चालेल का?"

४. सर्वेक्षण: शितावरून भाताची परीक्षा

चौथा प्रकार सर्वेक्षणाचा. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरात 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं. तिसरी, सहावी आणि नववीची मुलं त्यात होती. पण सगळ्या शाळा नव्हत्या, निवडलेल्या काही शाळांतली काहीच मुलं होती. भात शिजला का ते बघायला आपण सगळं पातेलं उपसत नाही, चार शितं दाबून बघतो. तसंच हे. यातून जिल्ह्याचं आणि राज्याचं शिक्षण कसं आहे ते कळतं. एकेका मुलाचा निकाल यातून लागत नाही.

म्हणून तुमच्या मुलाची अशा सर्वेक्षणात निवड झाली तर घाबरू नका. त्या दिवशी त्याला शाळेत जरूर पाठवा. आणि "तुमचं मूल कच्चं आहे, त्या दिवशी घरीच ठेवा" असं कुणी सुचवलं, तर ऐकू नका. कच्ची मुलं घरी ठेवली तर कागदावर गाव हुशार दिसेल आणि मदत येणार नाही. नुकसान आपल्याच लेकरांचं आहे.

गुण कसे वाचायचे?

आता मुख्य धडा. प्रगतीपत्रक किंवा चाचणीचा कागद हातात आला की आपण एकच आकडा बघतो आणि लगेच शेजारच्या पोराचा आकडा विचारतो. तसं करू नका. पुढच्या चार गोष्टी बघा.

एक, किती पैकी किती? २० गुण म्हणजे चांगले की वाईट? ४० पैकी २० असतील तर निम्मे, ३० पैकी २० असतील तर दोन तृतीयांश. 'पैकी'चा आकडा विचारल्याशिवाय मत बनवायचं नाही.

दोन, श्रेणी असेल तर तिचा अर्थ काय? ९१ ते १०० टक्के म्हणजे अ-१ आणि ८१ ते ९० म्हणजे अ-२. त्यापुढे दहा-दहा टक्क्यांनी ब-१, ब-२, क-१, क-२ असं उतरत जातं. ३३ ते ४० टक्के म्हणजे ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. मूल ड किंवा इ मध्ये असेल तर त्याला जादा मदतीची गरज आहे, असं वाचायचं.

तीन, चाचणी कशावर होती? पायाभूत चाचणी मागच्या वर्गावर असते आणि संकलित चाचणी या वर्षाच्या अभ्यासावर. त्यामुळे "पायाभूतला १८ होते, आता १६ झाले, म्हणजे पोरगं घसरलं" असं म्हणता येत नाही. दोन्ही पेपर वेगळे होते. गुणांची बेरीज-वजाबाकी करण्याऐवजी कुठली गोष्ट येत नव्हती आणि आता येते का, ते बघा. दोन-तीन गुणांचा फरक तर त्या दिवशीच्या तापाने किंवा घाईनेही पडतो.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेमकं चुकलं कुठे? शाळेत जाऊन उत्तरपत्रिका बघायला मागा. एक उदाहरण घेऊ. समजा गणित होतं, ५२ वजा २७. उत्तर २५ यायला हवं. मुलीने लिहिलं ३५. ती ढ आहे का? तिने काय केलं ते बघा. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने उलटंच केलं, ७ मधून २ वजा केले, आले ५. मग ५ मधून २ वजा केले, आले ३. झाले ३५. म्हणजे तिला वजाबाकी येते, फक्त हातचा घ्यायचा कळलेला नाही. ही एका वर्षाच्या शिकवणीची गोष्ट नाही. दहा-दहा काड्यांच्या जुड्या घेऊन रोज थोडा वेळ बसलं, तर ते घरीही सुधारता येतं. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. सात काढायच्या तर एक जुडी सोडावी लागते, हे हाताने केलं की पोरांच्या डोक्यात बसतं.

दुसरं उदाहरण शाब्दिक गणिताचं. मूल ते चुकलं, तर तेच गणित तुम्ही तोंडी सांगून बघा. "आईने ३ डझन अंडी आणली, १० विकली, किती उरली?" ऐकून त्याने बरोबर २६ सांगितलं, तर त्याचं गणित चांगलं आहे, वाचन कच्चं आहे. मग शिकवणी गणिताची लावून काय उपयोग?

ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांनी काय करायचं?

तुम्हीही तपासू शकता. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन 'असर' नावाची पाहणी करते. त्यात मुलाला पेपर देत नाहीत, समोर बसवून वाचायला लावतात. पायऱ्या सोप्या आहेत: अक्षर, शब्द, छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात १ ते ९ अंक ओळखणं, मग ११ ते ९९, मग हातच्याची वजाबाकी आणि शेवटी भागाकार.

हीच रीत घरी वापरा. संध्याकाळी चुलीपाशी भाकरी थापता थापता मुलाला दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला अक्षर येत नसलं तरी कान आहेत. मूल सलग वाचतंय की अक्षराअक्षराला अडतंय, ते ऐकू येतं. वाचून झालं की विचारा, "गोष्टीत काय झालं, सांग बघू." सांगता आलं म्हणजे त्याला समजलं. चौथी-पाचवीतलं मूल इथे अडत असेल, तर सहामाहीची वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी शाळेत जा. कारण केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचं ध्येयच असं आहे की तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशोब करता यावेत.

बाईंना, सरांना काय विचारायचं?

शाळेत गेल्यावर आपण दारात उभ्या राहतो आणि "कसा आहे माझा पोरगा?" एवढंच विचारतो. बाई म्हणतात, "जरा लक्ष द्या." आणि आपण परत येतो. पुढच्या वेळी हे पाच प्रश्न घेऊन जा.

१. बाई, ही चाचणी कशावर होती?
२. माझ्या मुलीला काय चांगलं येतं?
३. तिला नेमकं कुठलं येत नाही? तिचा पेपर दाखवाल का?
४. त्यासाठी शाळेत तुम्ही काय करणार आहात?
५. मी घरी रोज काय करू? पुन्हा भेटायला कधी येऊ?

हे विचारणं म्हणजे भांडण नाही. मुलाची शिकण्याची क्षमता बघून गरजेप्रमाणे जादा शिकवणं आणि पालकांना भेटून प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्य आहे, असं शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच कायद्याने शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई केलेली आहे. मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं हेही कायद्याने बंद आहे. गुरुजींनाही शंभर कामं असतात, हे ध्यानात ठेवून प्रेमाने बोला, पण प्रश्न सोडू नका.

मूल दिव्यांग असेल, त्याला कमी दिसत-ऐकू येत असेल, तर चाचणीच्या आधीच शाळेला सांगा आणि त्याच्यासाठी काय सवलत मिळते ते विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंनी निघण्याआधी शाळेत दोन गोष्टी विचाराव्यात: गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार का, आणि सोबत शिक्षण हमी कार्ड मिळेल का. त्या कार्डावर मुलाला कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसता येतं. नाहीतर वर्षाची चाचणी हुकते आणि वर्षही.

गट म्हणून आपण काय करू शकतो?

बँक आपल्या गटाचं श्रेणीकरण करते तेव्हा पंचसूत्री बघते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर. श्रेणी कमी आली तर गट मोडतो का आपण? कुठलं सूत्र ढिलं आहे ते बघतो आणि ते सुधारतो. लेकरांना मात्र आपण ही संधी देत नाही. ती द्यायला हवी.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी चार कामं सुचवतो. शाळेच्या कामावर कर्ज मागितलं गेलं, तर "पेपर बघितला का? बाईंना भेटलात का?" हे दोन प्रश्न आधी विचारा. शिकवणीची खरंच गरज असेल तर कर्ज जरूर द्या, पण रोग कळल्याशिवाय औषध नको. दुसरं, गावातल्या माता पालक गटाशी जोडून घ्या आणि आठवड्यातून एक दिवस मुलांचं मोठ्याने वाचन ठेवा. तिसरं, शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते शोधा. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या महिला नुसत्या सहीपुरत्या आहेत का? आपल्या गटातली एखादी सदस्य त्यात असेल तर तिने विचारावं, "चाचणीत मागे राहिलेल्या मुलांसाठी जादा वर्ग कधी होतात?" चौथं, पाचवी आणि आठवीतल्या मुलांची, विशेषतः मुलींची, यादी गटाच्या वहीत करा. निकालानंतर त्यातली एकही शाळेतून गळाली नाही ना, हे ग्रामसंघाच्या बैठकीत तपासा.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या मुलांच्या गेल्या वर्षातल्या चाचण्या या चार प्रकारांपैकी कुठल्या होत्या?
• आपल्या गटात कुणी मुलाचा पेपर शाळेत बसून बघितलाय का? काय कळलं?
• आपल्या गावात परीक्षेमुळे एखाद्या मुलीची शाळा सुटली आहे का? तिला परत आणायला कोण जाईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त चर्चेत ठेवू नका. नाव ठरवा, दिवस ठरवा, आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात काय झालं ते लिहा.